महाजाल, छात्राध्यापक आणि पाठनिरीक्षणातील एक उणीव

प्रास्ताविक

अध्यापक महाविद्यालयांच्या सराव पाठांत महाजालाचा वापर आता नवलाईचा राहिलेला नाही. पूर्वी गुंडाळीफळा आणि तक्ते काखेत मारून शाळेत जाणारा छात्राध्यापक आज लॅपटॉप आणि मोबाइल घेऊन जातो. तो चित्रफीत दाखवतो, गुगल अर्थवरून विद्यार्थ्यांना नदीच्या खोऱ्यात फिरवून आणतो, ऑनलाइन प्रश्नमंजूषा घेतो. ही प्रगती आहे, याबद्दल दुमत नसावे. तथापि, छात्राध्यापक महाजालाची साधने वापरायला शिकतो म्हणजे नेमके काय शिकतो, हा प्रश्न आपण अध्यापक-शिक्षकांनी स्वतःला पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. आपण छात्राध्यापकाला महाजाल दाखवायला शिकवतो, तपासायला शिकवत नाही. आणि ही उणीव त्याच्या कौशल्यात नसून आपल्या निरीक्षणाच्या चौकटीत आहे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

एका पाठाची नोंद

प्रतिपादनाच्या स्पष्टीकरणासाठी निरीक्षण केलेल्या एका पाठाचा आधार घेतो. इयत्ता नववी, विषय भूगोल, उपघटक लोणार सरोवर. छात्राध्यापिकेची तयारी उत्तम होती. गुगल अर्थवर महाराष्ट्राचा नकाशा, तेथून बुलढाणा जिल्हा आणि मग काळ्या बेसाल्ट खडकातील जवळजवळ वर्तुळाकार विवर, असा प्रवास तिने घडवला. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर पडद्यावर आले, तेव्हा वर्गात उमटलेले आश्चर्य खरे होते. त्यानंतर आलेल्या स्लाइडवर लिहिले होते : निर्मिती – ५२,००० वर्षांपूर्वी.

तिसऱ्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. ती म्हणाली, "बाई, मी काल घरी मोबाइलवर पाहिलं, तिथे पाच लाख सत्तर हजार वर्षं लिहिलंय." छात्राध्यापिका क्षणभर थांबली. मग म्हणाली, "तू पडद्यावरचं लिही." पाठ पुढे सरकला आणि पस्तीस मिनिटांत नेमका संपला.

मी निरीक्षण तक्त्यात 'शैक्षणिक साधनांचा समर्पक वापर' या रकान्यात पूर्ण गुण दिले, 'वर्गव्यवस्थापन' आणि 'वेळेचे नियोजन' यांतही चांगले गुण दिले आणि स्वाक्षरी केली. तास संपल्यावर सहज त्या मुलीची वही पाहिली. तिने आदल्या दिवशी लिहून आणलेल्या आकड्यावर रेघ मारून त्याच्या वर ५२,००० लिहिले होते.

वस्तुतः ते दोन्ही आकडे शास्त्रीय संशोधनातून आलेले आहेत. आघातामुळे तयार झालेल्या काचेच्या थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने केलेल्या मापनातून सुमारे ५२,००० वर्षे हे वय निघाले. आघातात वितळलेल्या खडकांचे आर्गॉन पद्धतीने मापन करणाऱ्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते सुमारे ५,७०,००० वर्षे आले. पहिली पद्धत स्फटिकांत साठत गेलेली ऊर्जा मोजते, तर दुसरी पोटॅशियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून तयार झालेला आर्गॉन वायू मोजते. दोन घड्याळे, दोन वेळा आणि त्यांत जवळजवळ अकरा पटींचे अंतर. नववीच्या वर्गाला शास्त्रीय ज्ञान कसे घडते हे समजावण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

त्या तासात महाजालाचा सर्वांत अर्थपूर्ण वापर कोणी केला असेल, तर तो त्या विद्यार्थिनीने. तिने पाठापूर्वी शोध घेतला, मिळालेली माहिती पडद्यावरील माहितीशी ताडून पाहिली आणि विसंगती दिसताच प्रश्न विचारला. आमच्या तक्त्यात या घटनेसाठी रकाना नव्हता, आणि म्हणून ती घटना घडूनही निरीक्षकाच्या दृष्टीने घडली नाही. दोष केवळ छात्राध्यापिकेचा म्हणता येणार नाही. मागच्या बाकावर गुण देणारा निरीक्षक बसलेला असताना 'मला माहीत नाही, आपण पाहू' असे म्हणण्याची मुभा आपण तिला कधी दिली होती?

अभ्यासक्रमातील 'चिकित्सक' शब्द

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला, आणि शाळेतील प्रत्यक्ष कामासाठी किमान वीस आठवड्यांची तरतूद झाली. याच रचनेत व्यावसायिक क्षमता वाढवणाऱ्या उपक्रमांमध्ये माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे 'चिकित्सक आकलन' हा अभ्यासघटक आला. या शीर्षकातील 'चिकित्सक' हे विशेषण महत्त्वाचे होते. तंत्रज्ञान हाताळता येणे आणि त्याची चिकित्सा करता येणे या भिन्न गोष्टी आहेत, हे त्यात गृहीत होते.

प्रत्यक्षात मात्र शब्दसंस्करण, सादरीकरण, ई-मेल आणि शोधयंत्र यांचे प्रात्यक्षिक पूर्ण करून त्याची नोंदवही सादर करणे, एवढाच या घटकाचा अर्थ अनेक ठिकाणी उरतो. चिकित्सेची नोंदवही करता येत नाही. म्हणून ती गळते. शिवाय हा घटक संगणककक्षात शिकवला जातो आणि विषयाची अध्यापन पद्धती दुसऱ्या वर्गात, दुसऱ्या प्राध्यापकाकडून. लोणारच्या वयाविषयी दोन मते का आहेत, हे संगणकाचा प्राध्यापक सांगणार नाही. आणि भूगोल पद्धतीचा प्राध्यापक महाजालाला 'साधन' मानून ते साधनांच्या यादीत तक्ता व प्रतिकृती यांच्या शेजारी लिहून मोकळा होतो. तक्ता एकच गोष्ट सांगतो आणि ती शिक्षकाने निवडलेली असते. महाजाल अनेक गोष्टी एकाच वेळी सांगते, आणि विद्यार्थ्यालाही स्वतंत्रपणे सांगते. या दोहोंना एकाच रकान्यात बसवणे, ही मूळ चूक होय.

सैद्धांतिक चौकटीची मर्यादा

या विषयावरील लेखनात सामान्यतः पुण्या मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये मांडलेल्या चौकटीचा आधार घेतला जातो. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये आशयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे ज्ञान यांच्या संयोगातून शिक्षकाचे वेगळे ज्ञान घडते, असे प्रतिपादन केले होते. मिश्रा व कोलर यांनी त्यात तंत्रज्ञान हे तिसरे वर्तुळ जोडले. महाराष्ट्रातील बी.एड. अभ्यासक्रमांना 'आशययुक्त अध्यापन पद्धती' ही संकल्पना परिचित असल्याने ही चौकट आपल्याकडे सहज रुजली.

तिचे श्रेय मान्य करूनही दोन मर्यादा नोंदवणे आवश्यक आहे. पहिली अशी की, परस्परांना छेदणाऱ्या वर्तुळांची आकृती ज्ञानाचे प्रकार सांगते, पण निर्णयाचा क्षण सांगत नाही. विद्यार्थिनीने हात वर केल्यानंतरच्या पाच सेकंदांत शिक्षिकेने काय करावे, हे आकृतीत नाही. दुसरी मर्यादा संदर्भाची. ज्या शाळेत एकच प्रक्षेपक आहे, जोडणी मध्येच तुटते आणि आशय मराठीत कमी, इंग्रजीत अधिक आहे, तेथील तंत्रज्ञानाचे ज्ञान वेगळेच असते. मिश्रा यांनीच २०१९ मध्ये या आकृतीत संदर्भाच्या ज्ञानाला स्पष्ट स्थान दिले, ही स्वागतार्ह बाब आहे.

गरजेतून साधनाकडे जाण्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. त्यांच्या क्यूआर कोडची चर्चा पुष्कळ झाली. परंतु विद्यार्थ्यांची भाषा कन्नड आहे हे ओळखून त्यांनी आधी ती भाषा शिकून घेतली, याची चर्चा तुलनेने कमी झाली. साधनाचे अनुकरण सोपे, निदानाचे कठीण.

साधने जातात, विवेक राहतो

लॅरी क्यूबन यांनी १९८६ मधील आपल्या ग्रंथात चित्रपट, रेडिओ आणि दूरचित्रवाणी वर्गात कशी आली आणि अपेक्षा पूर्ण न करता कशी मागे पडली, याचा इतिहास मांडला. आपल्याकडे १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा 'साइट' प्रयोग झाला. २००४ मध्ये एज्युसॅट उपग्रह सोडण्यात आला. प्रत्येक वेळी यंत्राकडून क्रांतीची अपेक्षा होती.

महाजालावरील साधनांचे आयुष्य तर याहूनही कमी. ज्या फ्लॅश तंत्रावर एका पिढीच्या शैक्षणिक सचित्रफिती उभ्या होत्या, ते २०२० अखेर बंद झाले. टाळेबंदीच्या काळात ऑनलाइन वर्गांत वापरला गेलेला गुगलचा जॅमबोर्ड २०२४ अखेर बंद झाला. छात्राध्यापकाला केवळ साधनाची कळ दाबायला शिकवले असेल, तर साधनाबरोबर त्याचे प्रशिक्षणही बाद होते. माहिती ताडून पाहण्याची सवय मात्र बाद होत नाही.

ती सवय किती महत्त्वाची आहे, हे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांच्या अभ्यासावरून दिसते. त्यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे २५ विद्यार्थी संकेतस्थळांची विश्वासार्हता कशी ठरवतात, हे पाहिले. विद्वान इतिहासकारही अनेकदा संकेतस्थळाच्या सुबक मांडणीला व बोधचिन्हाला फसले, कारण ते एकच पान वरून खाली वाचत राहिले. तथ्यतपासनीस मात्र ते पान लगेच सोडून, त्याविषयी इतर काय म्हणतात हे पाहू लागले. या रीतीला मराठीत 'आडवे वाचन' म्हणता येईल. विद्वत्ता असली म्हणजे महाजाल वाचता येतेच असे नाही, हा या अभ्यासाचा निष्कर्ष आपण प्राध्यापकांनीही स्वतःला लावून पाहावा.

२०२२ नंतर सर्वांच्या हाती आलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे हा मुद्दा अधिक तातडीचा झाला आहे. शोधयंत्र निदान दहा दुवे समोर ठेवत असे; ही साधने बहुधा एकच ओघवते उत्तर देतात. मतभेद दिसेनासे झाले की तपासण्याची गरजही वाटेनाशी होते. पाठाचे टाचण क्षणात तयार मिळते, पण वर्गातल्या उंचावलेल्या हाताला उत्तर त्या टाचणात नसते.

पर्यायाची दिशा

पर्याय खर्चिक नाही. लोणारचाच पाठ वेगळ्या रीतीने घेता येईल. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा शैवाल, वाढलेली क्षारता, जिवाणू असे निरनिराळे तर्क प्रसिद्ध झाले. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून हॅलोआर्किया या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचा निष्कर्ष काढला. छात्राध्यापकाने सुरुवातीची एक बातमी आणि नंतरचे एक वृत्त वर्गापुढे ठेवावे आणि विचारावे : कोणाचे म्हणणे कशावर आधारलेले आहे? कोणी पाणी तपासले, कोणी अंदाज केला? जोडणी नसेल, तर ही दोन पाने छापून नेता येतात. महाजालाचा चिकित्सक वापर प्रसंगी महाजालाविनाही शिकवता येतो.

यावर तीन आक्षेप संभवतात. नवशिक्या शिक्षकाला हे पेलणार नाही, अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही, आणि वर्गात गोंधळ माजेल. पैकी दुसरा आक्षेप काही अंशी खरा आहे. प्रत्येक पाठात हे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. परंतु वीस आठवड्यांत असा एक पाठही घेऊ न शकणारा छात्राध्यापक पुढील तीस वर्षांच्या सेवेत तो घेईल, अशी अपेक्षा कशाच्या बळावर करावी? गोंधळाविषयी एवढेच म्हणता येईल की, विसंगती विद्यार्थ्यांच्या हातातील मोबाइलवर आधीच आहे. वर्गात ती नाकारल्याने नाहीशी होत नाही. फक्त शिक्षकाला न सांगण्याची सवय लागते.

समारोप

सूचना मर्यादित आहेत. पाठ टाचणात 'शैक्षणिक साधने' या रकान्याखाली 'माहितीचा स्रोत व तिची पडताळणी' अशी एक ओळ असावी. निरीक्षण तक्त्यात विद्यार्थ्याने विचारलेल्या अनपेक्षित प्रश्नाला दिलेल्या प्रतिसादासाठी गुण असावेत, आणि 'तपासून उद्या सांगते' हे उत्तर त्या रकान्यात कमी प्रतीचे मानू नये. संगणकाचे व विषय पद्धतीचे प्राध्यापक यांनी सत्रात किमान एका पाठाचे निरीक्षण एकत्र बसून करावे. यांपैकी कशासाठीही नवी यंत्रसामग्री लागत नाही. लागते ती आपली भूमिका तपासण्याची तयारी. कारण तो आकडा खोडला त्या विद्यार्थिनीने, खोडायला सांगितले छात्राध्यापिकेने, पण त्या पाठाला पूर्ण गुण देणारी स्वाक्षरी माझी होती.