टाकाऊतून टिकाऊ? नव्हे!

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा आपल्याकडे हस्तकलेच्या तासाला शिकवला जाणारा मंत्र. भंगारातून घडवलेलं शिल्प पाहतानाही तोच डोक्यात असतो: बघा, कचऱ्याचं सोनं झालं! नोआ प्युरिफॉय (१९१७–२००४) या आफ्रिकन-अमेरिकन शिल्पकाराचं काम मात्र या कौतुकात बसत नाही.

ऑगस्ट १९६५मध्ये लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत पोलिसांविरुद्धच्या संतापाचा उद्रेक झाला. ३४ माणसं मेली, दुकानं जळाली. प्युरिफॉय तेव्हा तिथल्या वॉट्स टॉवर्स कला केंद्राचा संचालक होता. त्याने आणि जडसन पॉवेलने सुमारे तीन टन जळका राडारोडा गोळा केला. इतर कलावंतांना सोबत घेऊन त्यातून १९६६मध्ये ‘६६ साइन्स ऑफ निऑन’ हे प्रदर्शन वॉट्समधल्याच एका शाळेत उभं राहिलं. ‘साइन’ म्हणजे दुकानाची पाटी, तशीच खूणही. वितळलेली पाटी इथे आगीची खूण होते.

१९८९मध्ये तो मोहावी वाळवंटात, जोशुआ ट्रीला राहायला गेला. तिथे दहा एकरांवर त्याची शिल्पं उघड्यावर उभी आहेत. त्यातलं ‘व्हाइट/कलर्ड’ पाहा. गोऱ्यांसाठी पिण्याच्या पाण्याचं यंत्र, शेजारी काळ्यांसाठी संडासाचं भांडं. चवदार तळ्याचा इतिहास ठाऊक असलेल्याला आणखी काही सांगायला नको. भांडं इथे ‘सुंदर’ होत नाही, भांडंच राहतं. म्हणून अपमानही शाबूत राहतो. सगळीच कामं या तोलाची नाहीत. काही ठिकाणी वस्तूंची नुसती रास उरते. पण जिथे वस्तू आपला भूतकाळ विसरत नाही, तिथे प्युरिफॉयला तोड नाही.

आणि ही शिल्पं टिकाऊही नाहीत. उन्हाने लाकूड तडकतं, वाऱ्याने पत्रा फाटतो. निसर्गाचा हा हात प्युरिफॉयला मान्य होता. आता त्याच्या नावाची संस्था ही जागा सांभाळते, तेव्हा प्रश्न येतोच: डागडुजी करायची की ढासळू द्यायचं? मला वाटतं, छायाचित्रं घ्यावीत, नोंदी ठेवाव्यात, कोणाच्या अंगावर पडेल ते सावरावं. पण रंगरंगोटी करू नये. समाजाने टाकून दिलेलं काय होतं, हे सांगणारी वस्तू चकचकीत केली, की तिची साक्षच पुसली जाते.