बोर्निओच्या बेटावरील पहिला डाव

ज्या डावाचा निकाल आधींच ठाऊक आहे तो पुन्हां पाहत बसणें हा रिकामपणाचा उद्योग होय, असें कोणी म्हटल्यास त्याला एकदम खोडून काढतां येणार नाहीं. ‘सर्व्हायव्हर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी-स्पर्धेचें पहिलें सत्र २००० सालीं प्रक्षेपित झालें आणि त्यांत रिचर्ड हॅच जिंकला, हें या प्रकाराशीं थोडाबहुत परिचय असलेल्या कोणासहि माहीत असतें. मग ते १३ भाग पुन्हां पाहण्यांत हांशील काय? परंतु नाटकाच्या बाबतींत हा प्रश्न आपण विचारीत नाहीं. ‘एकच प्याला’मधील सिंधूचें काय होणार हें तिकीट काढण्यापूर्वीच ज्याला ठाऊक असतें तोच पुढील रांगेंत बसून डोळे पुसतो. कुतूहल ही रसाची दासी आहे. ती निघून गेल्यावर घरांत जें उरतें त्यावरून घराची किंमत ठरते. ‘रिअ‍ॅलिटी शो’ नांवाचा जो प्रकार गेल्या पंचवीस वर्षांत जगभर बोकाळला, त्याच्या घरांत कुतूहलावांचून कांहीं आहे किंवा कसें, हें पाहण्याच्या हेतूनें आम्हीं हें सत्र पुन्हां पाहिलें.

मूळ कल्पना चार्ली पार्सन्स या इंग्रज निर्मात्याची. ती प्रथम स्वीडनमध्यें १९९७ सालीं ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ या नांवानें प्रत्यक्षांत आली, आणि मार्क बर्नेट या ब्रिटिश सैन्यांतील माजी छत्रीधारी सैनिकानें ती अमेरिकेंत नेली. मलेशियाच्या साबा राज्याच्या किनाऱ्यालगत पुलाउ तिगा नांवाचें एक बेट आहे. तेथें २००० च्या मार्च-एप्रिलमध्यें १६ स्त्रीपुरुष आणून सोडण्यांत आले. मुदत ३९ दिवसांची. प्रथम त्यांच्या दोन टोळ्या केल्या, तागी व पागाँग. जी टोळी शर्यत हरेल तिनें रात्रीं सभेंत येऊन गुप्त मतानें आपल्यांतील एकास घालवून द्यावयाचें. अर्धा रस्ता सरला कीं टोळ्या एक व्हावयाच्या. आणि शेवटीं दोघें उरलीं म्हणजे त्यांच्यांतून विजेता कोण हें, नुकत्याच घालवून दिलेल्या सात जणांनीं ठरवावयाचें. बक्षीस १० लक्ष डॉलर.

यांतील शेवटचें कलम फार मार्मिक आहे. ज्यांचा गळा तुम्हीं कापिला त्यांच्याच हातीं तुमच्या गळ्यांत माळ घालण्याचा अधिकार! ज्यानें हें कलम रचलें त्याला मनुष्यस्वभावाची पारख असली पाहिजे. बाकीचा थाट, म्हणजे त्या मशाली, तीं सभेचीं आसनें, आणि बाहेर जाणाऱ्याची ज्योत गंभीर मुद्रेनें विझविणारा सूत्रधार जेफ प्रोब्स्ट, हा सारा हॉटेलांतील आदिवासी नृत्यासारखा उपरा वाटतो. साबाच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारीं माणसें चित्रांत जवळजवळ कोठेंच दिसत नाहींत. बेट जणूं अमेरिकन पाहुण्यांची वाट पाहत सृष्टीच्या आरंभापासून रिकामें पडलें होतें!

पुन्हां पाहतांना प्रथम जाणवतें तें हें कीं, हें सत्र फार संथ आहे. माणसें झोपडी बांधतात, भात शिजवितात, उंदीर भाजून खातात, पावसांत भिजतात, आणि बराच वेळ कांहींच करीत नाहींत. आजच्या प्रेक्षकास हें कंटाळवाणें वाटेल. आम्हांस तसें वाटलें नाहीं. कारण या संथपणांतच सत्राचें खरें नाट्य दडलें आहे. आपण कोणता खेळ खेळत आहों हेंच या १६ जणांपैकीं बहुतेकांना ठाऊक नाहीं. कोणास ती वनवासाची परीक्षा वाटते, कोणास लोकप्रियतेची निवडणूक. सुटींतील सहल समजून आलेलेहि दोनचार आहेत. पहिल्या सभेंत सोन्जा क्रिस्टोफर या साठी उलटलेल्या, युकुलेली वाजवून सर्वांस रिझविणाऱ्या बाईंना बाहेर काढण्यांत आलें. शर्यतींत त्या अडखळल्या एवढाच त्यांचा अपराध. (त्या २०२४ मध्यें निवर्तल्या.) त्या वेळचे मत देणाऱ्यांचे चेहरे पाहण्यासारखे आहेत. घरच्या आजीला पंगतींतून उठविल्यासारखे ते ओशाळलेले दिसतात. हें ओशाळेपण पुढील सत्रांत हळूहळू नाहींसें झालें. मराठींत ‘बिग बॉस’ २०१८ मध्यें आला तोंवर तर या खेळाचें सारें शास्त्र तयार होऊन चुकलें होतें; स्पर्धक घरांत पाऊल टाकतांनाच कोणाशीं गट करावयाचा आणि कोणास ‘लक्ष्य’ करावयाचें याचा हिशेब मनांत घेऊन येतो. पुलाउ तिगावर तें शास्त्र अजून लिहिलें जावयाचें होतें, आणि त्याचें पहिलें पान लिहिलें जात असतांना आपण पाहतों.

तें पान लिहिलें तागी टोळींतील चौघांनीं. रिचर्ड हा मोठ्या कंपन्यांतील माणसांना शिकवण देणारा. सू हॉक ही विस्कॉन्सिनकडील मालमोटार चालविणारी बाई. केली विगल्सवर्थ ही नदीवर प्रवाशांस वाट दाखविणारी विशींतील तरुणी. आणि रूडी बोश हा ७२ वर्षांचा निवृत्त नौसैनिक. यांनीं आपसांत ठरविलें कीं, मत एकदिलानें टाकावयाचें. आज ही गोष्ट इतकी बाळबोध वाटते कीं, ती कोणास तरी प्रथम सुचली असेल हेंच आपण विसरतों. पलीकडे पागाँगमधील मंडळी तरुण, उमदी, हंसरी. मत ज्यानें त्यानें आपल्या बुद्धीस स्मरून द्यावें, कट करून देणें हें कमीपणाचें, अशी त्यांची साधी समजूत. त्यांत ग्रेचेन कॉर्डी ही सर्वांत जाणती. वायुदलांत संकटकालीं तग धरून राहण्याचें शिक्षण देणें हाच एके काळीं तिचा व्यवसाय होता. स्पर्धेचें नांव अक्षरशः घेतलें तर १६ जणांत तिच्याहून लायक कोणी नव्हतें.

टोळ्या एक झाल्यावर दहा माणसें उरलीं आणि पहिली संयुक्त सभा भरली. एकेक चिठ्ठी उलगडत जाते; नांवें वेगवेगळीं निघतात, सहा जणांना एकेकच मत पडतें, आणि उरलेल्या चारहि चिठ्ठ्यांवर एकच नांव, ग्रेचेन! दहांत चार मतें, आणि तेवढीं पुरलीं. सहा प्रामाणिक माणसें सहा दिशांना पाहत होतीं म्हणून चार संघटित माणसांचें राज्य झालें. ग्रेचेन उठते, तिच्या मुद्रेवर क्रोध नाहीं, केवळ आश्चर्य आहे. मागें बसलेल्या तिच्या सोबत्यांना आपण काय गमावलें याचा अर्थ त्या क्षणीं हळूहळू उमगूं लागतो. निकाल ठाऊक असूनहि या ठिकाणीं आमच्या अंगावर कांटा आला. किंबहुना निकाल ठाऊक होता म्हणूनच आला. प्रथम पाहणारा तर चिठ्ठ्या मोजण्यांतच गुंतलेला असतो. लोकशाहीविषयींचीं जाडीं पुस्तकें जें समजावून देतांना दमतात तें येथें पांच मिनिटांत दिसतें, आणि तें कोणीं शिकविण्यासाठीं मांडलेलें नाहीं.

शॉन केनिफ या डॉक्टरची कथा याच्या उलट, म्हणजे हास्यकारक. कोणाचें मन दुखवूं नये म्हणून या सद्गृहस्थानें नांवांच्या वर्णानुक्रमानें मत देण्याचें ठरविलें! चौकडीला हें आयतेंच झालें. शॉनचें अक्षर कोणतें तें पाहावें आणि आपलीं मतें त्याच्या मतावर नेऊन ठेवावीं; जेना लुईस अशीच गेली. पाप लागूं नये म्हणून तटस्थ राहणारा मनुष्य अखेर कोणाच्या पथ्यावर पडतो, याचें याहून चोख उदाहरण विनोदी लेखकासहि सुचलें नसतें.

रिचर्डविषयीं मत देणें कठीण आहे. पहिल्याच दिवशीं इतर लोक घामाघूम होऊन झटत असतांना हा झाडावर बसून, आधीं आपण एकत्र काम कसें करावयाचें याचा विचार करूं या, असा उपदेश करतो. पुढें तो मासे मारण्यांत पटाईत ठरतो, सबंध टोळीस खाऊं घालतो, आणि विवस्त्र फिरून सर्वांस अवघडवून सोडतो. त्याच्या कपटाला पाहून ‘मुद्राराक्षसा’ची आठवण होते, पण लगेच फरकहि ध्यानांत येतो. चाणक्याचें कपट चंद्रगुप्ताच्या राज्यासाठीं असतें. काम होतांच तो बाजूला होतो, आणि मित्रासाठीं प्राण द्यावयास निघालेल्या राक्षसापुढें त्याचें मस्तक आदरानें लवतें. रिचर्डच्या कपटाला रिचर्डखेरीज दुसरें दैवत नाहीं. तथापि त्याच्या पदरीं एक गुण टाकलाच पाहिजे. तो स्वतःशीं खोटें बोलत नाहीं. आपण काय करीत आहों हें तो कॅमेऱ्यासमोर स्वच्छ सांगतो, आणि त्यास सद्गुणाचें नांव देण्याच्या भरीस पडत नाहीं.

या सत्रांतील सर्वांत हृद्य भाग कोणता असें विचाराल तर आम्ही रिचर्ड-रूडी यांच्या स्नेहाकडे बोट दाखवूं. रूडी जुन्या वळणाचा, मितभाषी. आमच्याकडील निवृत्त सुभेदार जसा गांवच्या पारावर बसून तुटक शब्दांत जगाचा निकाल लावतो तसा. रिचर्ड समलिंगी, आणि तें उघड सांगणारा. रूडीस तें पसंत नाहीं, हें तो लपवीत नाहीं. तरी दिवस जातात तसा या माणसाविषयीं त्याला विश्वास वाटूं लागतो, आणि एकदां शब्द दिला म्हणजे तो मोडावयाचा नाहीं. कोणीहि कोणास उपदेश केला नाहीं, कोणाचें मतपरिवर्तन झालें नाहीं; दोन माणसें शेजारीं राहिलीं, एवढेंच. अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्या काळीं असें दृश्य विरळा होतें.

आतां या ‘वास्तवा’च्या सत्यतेविषयीं. कांहीं दृश्यें अधिक चांगलें चित्र मिळावें म्हणून बदली माणसें उभीं करून पुन्हां टिपल्याचें बर्नेट यानें २००१ मध्यें स्वतःच सांगितलें. त्याच वर्षीं बाहेर पडलेल्या एका स्पर्धक स्त्रीनें, आपल्याविरुद्ध मत देण्यास निर्मात्यांनीं इतरांस सुचविलें, असा दावा न्यायालयांत लावला. निर्मात्यांनीं तो आरोप नाकारला. परंतु संकलकाची कात्री ही सर्वांत मोठी सूत्रधार होय. दुसऱ्यांदा पाहणारास ती ठिकठिकाणीं दिसते: जो रात्रीं जावयाचा त्याचें मनोगत दुपारीं अंमळ लांबतें, पागाँगचे विनोद, ग्रेग ब्यूइसचा नारळाच्या करवंटीचा टेलिफोन वगैरे, इतक्या लाडानें दाखविले आहेत कीं, पुढें होणाऱ्या कत्तलीची वेदना वाढावी. यास लबाडी म्हणावें काय? आम्हांस वाटतें, बखरकाराइतकीच. बखरीवर जो ताळेबंद म्हणून विश्वास ठेवील तो फसेल. पण माणसांच्या वागण्याचें जें सत्य तींत असतें तें त्यामुळें खोटें ठरत नाहीं. ग्रेचेनच्या चार चिठ्ठ्या कोणत्याहि कात्रीनें निर्माण केल्या नाहींत.

अखेरचा भाग २३ ऑगस्ट २००० रोजीं दाखविला गेला आणि तो ५ कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. त्यांतील अभयाची शर्यत अशी: तिघांनीं उभें राहून मध्यभागच्या मूर्तीवर हात ठेवावयाचा, शेवटपर्यंत ठेवील त्याला अभय. रिचर्ड मध्येंच आपखुषीनें बाजूला होतो! जिंकला असता तर रूडीस किंवा केलीस स्वतःच्या हातानें घालवावें लागलें असतें, आणि रूडीस दिलेला शब्द मोडला असता. हरल्यास, जो जिंकेल तो आपल्यालाच बरोबर घेईल, असा त्याचा हिशेब. रूडीचा हात क्षणभर निसटतो, केली जिंकते, आणि ती रूडीस बाहेर घालविते. हिशेब आण्यापैशासह बरोबर येतो.

मग सात जणांची सभा. येथें सू बोलावयास उठते. चौघें उरलीं असतांना मतें समसमान झालीं तेव्हां केलीनें आपलें मत फिरवून हिलाच बाहेर काढलें होतें. आणि या दोघी बेटावर जिवलग मैत्रिणी होत्या. सूचें भाषण येथें उतरवून देणें योग्य नव्हे, पण त्याचा आशय असा कीं, या बेटावर दोनच प्राणी होते, साप आणि उंदीर. रिचर्ड साप, तो आपली जात लपवीत नाहीं. केली उंदीर; ती पळत राहिली. तेव्हां सापानें उंदीर खावा हा जो सृष्टिक्रम तोच आपण चालूं द्यावा. केली तहानेनें मरतांना दिसली तरी आपण पाणी देणार नाहीं, असेंहि ती सांगते. उपमा घरच्याच, उंदीर तर त्यांनीं भाजून खाल्लेले. शब्द ओबडधोबड, व्याकरण मोडकें, आवाज संतापानें थरथरणारा; पण वक्तृत्व म्हणतात तें हेंच. मात्र तिच्या न्यायाशीं आम्ही सहमत नाहीं. निर्लज्ज दुर्जन हा संकोची दुर्बलापेक्षां बरा, हा न्याय ऐकण्यास मर्दानी वाटतो. त्यांत सोय फार आहे. आजच्या राजकारणांत आणि कचेऱ्यांत तो ज्या सहजतेनें लावला जातो तें पाहतां, सूचें भाषण २००० सालींच संपलें असें वाटत नाहीं.

ग्रेगनें तर दोघांना एक ते दहांपर्यंतचा आंकडा मनांत धरून सांगावयास लाविला आणि जवळचा आंकडा सांगणाऱ्या रिचर्डला मत दिलें! रूडीनें शब्द पाळला. चार विरुद्ध तीन मतांनीं रिचर्ड जिंकला. पुढें याच बक्षिसावरील कर चुकविल्याबद्दल तो २००६ मध्यें दोषी ठरला आणि त्याला ५१ महिन्यांची शिक्षा झाली. चाणक्याचा हिशेब सरकारी कचेरींत मात्र चुकला.

पहिल्या वेळीं सर्वांचें लक्ष रिचर्डवर खिळतें. दुसऱ्या वेळीं तें केलीकडे जातें. या १६ जणांत जिच्या मनांत खराखुरा झगडा चालला आहे अशी ती एकटीच. चौकडींत राहते, तिची लाज वाटून बाहेर पडूं पाहते, पागाँगच्या मुलांत मिसळते, भीति वाटतांच परत येते. निकराच्या वेळीं एकामागून एक शर्यती जिंकून तिनें आपला जीव वांचविला, पण मनाची बाजू तिला शेवटपर्यंत निवडतां आली नाहीं. समीक्षकांनीं तिला अस्थिर म्हटलें. कादंबरीकारानें तिलाच नायिका केली असती. २०१५ मध्यें दुसरी संधि म्हणून तिला पुन्हां खेळावयास बोलाविलें होतें, तेव्हां तिच्या भोंवतालचे सारे खेळाडू शास्त्र पढून आलेले होते, आणि ती बहुतेक वेळ गप्प होती.