पंढरी आणि ला यांच्यामधली जागा

फुकटातला एक्सएमएल एडिटर कुठला घ्यावा, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: नोटपॅड प्लस प्लस टाक आणि मोकळा हो. ऑफिसातल्या कॉन्फिग फाइलींना तो पुरतोही. हलका आहे, टॅग रंगीत दाखवतो. पण टॅग रंगवता आले म्हणजे फाइल समजली असं नाही. रचना तपासायला वेगळं प्लगइन लागतं, आणि गडी चालतो फक्त विंडोजवर.

माझं काम जरा वेगळं आहे. आजीच्या ओव्यांच्या वह्यांचा कागद आता हात लावला की तुटतो. त्या टाइप करताना गावं, देव, नाती यांना मी टॅग लावतोय, म्हणजे उद्या शोधता येतील. (एक्सएमएल १९९८ साली आलं तेव्हापासून टॅगांची नावं देवनागरीत देता येतात. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हे कुणी बोललं नाही!)

आता एवढाच मजकूर घ्या: <गाव>पंढरी</गाव>ला. मायक्रोसॉफ्टचा एक्सएमएल नोटपॅड फुकट आहे, त्याचा सोर्सही खुला आहे. तो फाइलीचं झाड करून दाखवतो. सेटिंग्जसाठी ते झकास. इथे मात्र ‘पंढरी’ एका फांदीवर आणि ‘ला’ दुसऱ्या. ओवी सलग वाचताच येत नाही.

खरा धोका ‘फॉरमॅट’च्या बटणात आहे. इंग्रजीत टॅग बहुधा शब्द संपतो तिथे संपतो. आपल्याकडे प्रत्यय नावाला चिकटून येतो, त्यामुळे टॅग शब्दाच्या पोटातच बंद होतो. एडिटरने ‘नीटनेटकं’ करायला तिथे नवी ओळ घातली की छापताना ‘पंढरी ला’ उमटतं. फाइल तरीही शंभर टक्के वैध! कुठलीच तपासणी ओरडत नाही. हजार ओव्यांत हे शोधणार कोण? एक्सएमएल-स्पेस नावाचं अ‍ॅट्रिब्यूट ‘प्रिझर्व्ह’ ठेवून मोकळ्या जागांना हात लावू नका असं सांगता येतं, पण ती विनंती आहे. पाळायची की नाही, हे त्या त्या प्रोग्रामच्या हाती. म्हणून नवा एडिटर घेतला की आधी ही एक ओळ त्यात टाकून फॉरमॅट करून बघा.

मी एनएक्सएमएलवर थांबलो. तो २००९पासून ईमॅक्ससोबतच येतो. लिहिणारा जेम्स क्लार्क. मुराता माकोतोसोबत रिलॅक्स एनजी ही स्कीमाची भाषा घडवणारा तोच. टाइप करतानाच चूक अधोरेखित होते, आणि न विचारता मजकूर हलवला जात नाही. शॉर्टकट मात्र छळतात. नुसतं सेव्ह करायला कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एस.

मावशीला हे सांगायची माझी छाती नाही. तिच्या लॅपटॉपवर व्हीएस कोड आणि रेड हॅटचं एक्सएमएल एक्स्टेन्शन टाकलंय. तेही लिहिता लिहिता तपासतं. सेव्हबरोबर आपोआप होणारं फॉरमॅट तेवढं बंद ठेवलंय. उरलेल्या दोन वह्या तिच्याकडेच आहेत.