बर्फाखालचा भाऊबंद

वर्नर हर्झॉगचा ‘एन्काउंटर्स ॲट द एन्ड ऑफ द वर्ल्ड’ (२००७) मी मंगरूळपीरमध्ये मोबाइलवर पाहिला. बर्फाखालचा समुद्र, एरेबस ज्वालामुखीतला उकळता लाव्हा, दोन्ही अफाट. पण हा अंटार्क्टिका परग्रहासारखा दिसतो, आणि इथेच माझं सिनेमाशी पटत नाही. पूर्व अंटार्क्टिका आणि आपला पूर्व घाट एकेकाळी गोंडवनात जोडलेले होते. नंतर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आमच्याकडचा जुना खडक लाव्ह्याने झाकला; त्याचीच ही काळी माती. कोयनेत खोल बोअर घेतल्यावर बेसॉल्टखाली ग्रॅनाइट लागला. तिकडे झाकण बर्फाचं, इकडे लाव्ह्याचं. हर्झॉगला तिथे जगाचं टोक दिसतं. खडकाला विचारलं असतं, तर वाटणी होऊन दूर गेलेला भाऊ दिसला असता.