साठ आणि सहासष्टमधला अठ्ठेचाळीस

आळेफाट्याला गाडी थांबली की लोक वडापावाकडे धावतात. मी पाट्या वाचतो. पुणे-नाशिक रस्ता ६०, आणि कल्याणहून माळशेज चढून नगरकडे निघालेला रस्ता ६१. शेजारशेजारचे दोन आकडे एकमेकांना आडवे जातात. एवढ्याशा फाट्यावर ६० आणि ६१ची गाठ पडावी, हे मला चांगल्या यमकासारखं वाटतं: सहज आलेलं, पण मागे नियम असलेलं.

नियम २०१०चा. त्या वर्षी केंद्र सरकारने देशातल्या राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक दिले. सम आकडा म्हणजे उभा, उत्तर-दक्षिण रस्ता. विषम म्हणजे आडवा. उभे आकडे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात, आडवे उत्तरेकडून दक्षिणेकडे. वृत्ताला लागतात तेवढीच ही बंधनं. आडव्या ओळी वरून खाली वाचा: खानदेश-विदर्भातून जाणारा ५३, मग कल्याण-निर्मलचा ६१, मग पुणे-सोलापूरवरून मछलीपट्टणला जाणारा ६५. कुठेही अडखळत नाही.

आता त्यातली मधली ओळ सावकाश वाचू. माळशेज चढला की आळेफाट्याला ६०. मग नगर (आता अहिल्यानगर), पाथर्डी, आणि बीड जिल्ह्यात ५२: धुळ्याहून संभाजीनगर, बीड करत सोलापूरला जाणारा. मग परभणी, नांदेड, आणि थेट तेलंगणात निर्मलला ४४, म्हणजे श्रीनगर-कन्याकुमारी. साठ, बावन्न, चव्वेचाळीस. दर टप्प्याला आठ वजा. हा आठाचा ठेका योगायोगाचा. पण एकाच रस्त्यावर बसून सबंध मराठवाडा ओलांडताना आकडे असे पायऱ्या उतरावेत, हे नकाशा न उघडता कळतं यात गंमत आहे.

आधीची गणना वेगळी होती. रस्त्यांना राष्ट्रीय, प्रांतीय, जिल्हा, ग्रामीण असे वर्ग पाडायचं ठरलं ते डिसेंबर १९४३मध्ये, नागपुरात, देशभरच्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कागदांवरचे रामा, प्रजिमा, इजिमा, ग्रामा हे शब्द (पहिल्यांदा वाचताना एखाद्या कुटुंबातली माणसंच वाटतात) त्याच वर्गवारीचे वंशज. मग १९५६चा राष्ट्रीय महामार्ग कायदा आला. त्याच्या यादीत आग्रा-मुंबई ३, मुंबई-मद्रास ४, वाराणसी-कन्याकुमारी ७, दिल्ली-मुंबई ८. ही मोठ्या शहरांची यादी होती, भूगोल नव्हता. तरी नागपुरात ६ आणि ७ एकमेकांना भेटत, हे जुन्या यादीतलं एक भाग्याचं स्थळ. नव्या रचनेत तो मान धुळ्याला गेला. तिथे ५२ आणि ५३ भेटतात.

नव्या वृत्ताचं बळ कुठे दिसतं म्हणाल, तर जुन्या ३ नंबरच्या तुकड्यांत. आग्रा रोड म्हणजे एका दमात म्हणायचं नाव. मुंबईत एलबीएस मार्गालाही एके काळी आग्रा रोडच म्हणत. २०१०ने तो दम तोडला: आग्रा ते ग्वाल्हेर ४४, तिथून ब्यावरापर्यंत ४६, इंदूरवरून धुळ्यापर्यंत ५२, धुळे ते नाशिक ६०. नाशिक ते ठाणे हा उरलेला भाग तीन आकडी रस्त्यांकडे गेला. एक लांब वाक्य चार ठिकाणी तोडलं याचं वाईट वाटतं खरं. पण तुकडे ओळीने मांडून पाहा: ४४, ४६, ५२, ६०. रस्ता नैर्ऋत्येला सरकत जातो तसा आकडा चढत जातो. आग्र्याहून मुंबईकडे येणारा माणूस पश्चिमेकडे चाललाय, हे जुन्या ३ने कधी सांगितलं नव्हतं.

तीन आकडी रस्त्यांत शेवटचे दोन आकडे म्हणजे आडनाव. रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूरकडे चढणारा १६६ हा कोकणातल्या ६६च्या घरातला. बेळगाव-पणजी पूर्वी ४ए होता, आता ७४८. घराण्याचा आकडा बदलला, लेकराचाही बदलला. माझं लाडकं उदाहरण मात्र पालखी मार्गाचं. ज्ञानेश्वर माउलींची वाट ९६५. हडपसरला ६५ सोडायचा, दिवेघाट चढायचा, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण करत पंढरपूर, आणि पुढे मोहोळला पुन्हा ६५वरच. आडनाव इतकं चपखल क्वचितच बसतं. तुकोबांच्या पालखी मार्गाला मिळाला ९६५जी. इंग्रजी वर्णमालेतला सातवा क्रमांक आला म्हणून ते अक्षर लागलं, एवढंच. पण मराठी कानाला त्यात आदरार्थी ‘जी’ ऐकू येतो, आणि कारकुनी टिपणातून असा श्लेष निघाला तर तो घ्यायचा, नाकारायचा नाही.

आणि आता मात्रा चुकते ती जागा. पनवेल, मंचर आणि बीड ही जवळपास एकाच अक्षांशावरची गावं. पूर्वेकडून वाचत या: बीडला ५२, मंचरला ६०, पनवेलला ६६. पण पनवेलच्या ६६ला लागायच्या आधी मध्येच ४८ उभा! नियमाप्रमाणे त्याची जागा ४४ आणि ५२च्या मधे, म्हणजे परभणी-नांदेडच्या बाजूला. इथे तो साठ आणि सहासष्टच्या मधे घुसलाय, आणि तिथून पुणे, सातारा, कोल्हापूर असा पश्चिम महाराष्ट्राच्या अगदी अंगणातून जातो.

चूक कोणाचीच नाही. ४८ निघतो दिल्लीहून, जिथून ४४ही जातो. तिथे त्याचा आकडा बरोबर आहे. मग जयपूर, उदयपूर, अहमदाबाद, सुरत असा तो पश्चिमेला वाकत मुंबईकडे येतो, आणि चेन्नईला पोचायचं म्हणून पुन्हा पूर्वेला वळतो. आकडा जन्मस्थळाचा, संसार भलतीकडे. जातिवंत कवी वृत्त मोडतो ते आशयासाठी. इथे वृत्त मोडलं ते सह्याद्री आणि मुंबई बंदर यांच्यासाठी, आणि ते कारण मला पुरेसं वाटतं.

या रस्त्याची वंशावळ बघितली की आणखी एक गोष्ट हाती लागते. दिल्ली-मुंबई हा जुना ८. मुंबईहून पुणे, कोल्हापूर, बंगळुरू हा जुना ४. दोघे एकत्र करून नवा रस्ता झाला, आणि त्याला आकडा मिळाला ४८. मुद्दाम कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. उतरंडीत तो मोकळा होता, बसला. पण साताऱ्याकडचे लोक अजून ‘एनएच फोर’ म्हणतात, ढाब्यांच्या पाट्यांवर अजून तेच आहे, आणि नव्या आकड्यात तो चार जागच्या जागी, पहिल्या घरात आहे. बदललंय काय, तर मागे आठ येऊन बसलाय.

पुढे हुबळीला ५२ हा ४८ला ओलांडून अंकोल्याच्या समुद्राकडे उतरतो, आणि रांग पुन्हा लागते: ४४, ४८, ५२, ६६. पण तोवर महाराष्ट्र मागे पडलेला असतो.