तीनशें मुलें आणि एक मास्तर

शिक्षणाचा इतिहास म्हणजे कायदे, समित्या आणि अहवाल यांचा इतिहास, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. परंतु तो भिंती, खिडक्या आणि बांकें यांच्या रूपानेंही लिहिलेला असतो. इंग्लंडांतील हिचिन या गांवचें ब्रिटिश स्कूल्स म्युझियम पाहिलें म्हणजे याची खात्री पटते. विल्यम विल्शियर नांवाच्या वकिलानें १८१० मध्यें येथें गरिबांच्या मुलांकरितां शाळा काढली. १९६९ पर्यंत या आवारांत मुलें शिकत होतीं. पुढें गांवच्या लोकांनींच या इमारती जतन करण्याचें मनावर घेतलें, आणि आज स्वयंसेवक हें संग्रहालय चालवितात.

येथील मुख्य वस्तु म्हणजे १८३७ सालचें विस्तीर्ण दालन. जोसेफ लँकेस्टरच्या पद्धतीसाठीं मुद्दाम बांधलेलें आणि अखंड टिकलेलें असें दुसरें दालन ज्ञात नाहीं. एका मास्तरानें तीनशें मुलांस शिकवावें, या हिशेबानें तें उभारलें गेलें. मास्तर थोरल्या मुलांस, म्हणजे मॉनिटरांस, धडा देई. तो धडा ते आपापल्या टोळीकडून घोकवून घेत. पुस्तकांच्या जागीं भिंतीवरचा तक्ता आणि कागदाच्या जागीं पाटी किंवा वाळू! या साऱ्या व्यवस्थेचें सूत्र काटकसर हें होतें. गिरणी आणि शाळा यांची जात एकच होती, हें पानेंच्या पानें वाचून जें पटत नाहीं, तें या दालनांत उभें राहतांच पटतें.

त्याच आवारांत १८५३ मध्यें बांधलेला पायऱ्यापायऱ्यांचा वर्ग आहे. येथें सुमारें ११० मुलें बसत आणि शिक्षक त्यांस स्वतः शिकवी. अवघ्या सोळा वर्षांत शिक्षणाची कल्पना किती बदलली, याचा याहून बोलका पुरावा कोणता? १८६७ मध्यें मॅथ्यू आर्नोल्ड या शाळेंत तपासनीस म्हणून आला होता. आपण महाविद्यालयांत ज्याच्या कविता शिकवितों, त्याच्या आयुष्याचीं पस्तीस वर्षें अशा तपासणींत गेलीं, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. मुलांनीं परीक्षेंत दाखविलेल्या वाचन, लेखन आणि गणितावर शाळेचें अनुदान ठरविणाऱ्या १८६२ च्या नियमांवर त्यानें कडक टीका केली. मुलाच्या चुकीची किंमत शिक्षकाच्या पोटास बसावी, हें त्यास अमान्य होतें.

संग्रहालयांत हल्लींच्या मुलांना जुना पोशाख घालून, पाटी हातीं देऊन, कडक आवाजाच्या मास्तरांपुढें बसवितात. स्वयंसेवकांची ही हौस स्तुत्य आहे. तथापि एक आक्षेप नोंदविणें अवश्य वाटतें. हा धडा तासाभरांत संपतो आणि मुलें हंसत घरीं जातात. जुन्या मुलाची उपासमार, मजुरीस जाण्याची घाई, तपासनिसाची धास्ती यांचें नाटक होऊं शकत नाहीं. छडी दाखवितां येते, दारिद्र्य दाखवितां येत नाहीं. म्हणून तेथें नाटकापेक्षां रिकामें दालनच अधिक खरें बोलतें.

मराठी वाचकास या दालनाशीं आपलें नातें कसें पोंचतें, हेंही पाहिलें पाहिजे. मॉनिटर पद्धतीचा दुसरा प्रवर्तक अँड्र्यू बेल हा १७८९ पासून मद्रासेस अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख होता. तेथील देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें गिरवीत असतांना त्यानें पाहिलीं, आणि तोच प्रयोग आश्रमांत केला. १७९७ मध्यें त्याचें पुस्तक लंडनांत प्रसिद्ध झालें. लँकेस्टरनेंही आरंभीं त्याचें ऋण मान्य केलें होतें. १८१४ च्या खलित्यांत तर कंपनीच्या संचालकांनींच ही पद्धत हिंदुस्थानांतून विलायतेस गेल्याची कबुली दिली. आमच्या पंतोजीच्या शाळेंतही धुळाक्षरें होतीं. पण हिचिनच्या दालनांत मुलें मोजून बसविलेलीं. पंतोजीच्या ओसरीवर मास्तर प्रत्येकास नांवानें ओळखी. तीच कल्पना एका ठिकाणीं घरगुती, दुसऱ्या ठिकाणीं यंत्रवत् झाली. अर्थात् पंतोजीच्या शाळेंतही घोकंपट्टी आणि कठोर शिक्षा होत्याच, आणि जातीमुळें कित्येकांस तेथें उंबराही ओलांडतां येत नसे. तिचें गौरवगान करण्याचें कारण नाहीं.

इंग्रजांनीं आपली शाळा दगडविटांत बांधली, म्हणून ती जपतां आली. आमची ओसरींत नि देवळांत भरे, म्हणून ती गेली. परंतु पुढें बांधलेल्या शाळा तरी आपण जपतों काय? गांवोगांवच्या जुन्या मराठी शाळा आज बंद होत आहेत. त्यांचीं हजेरीपत्रकें, नकाशे आणि बांकें भंगारांत जात आहेत. हिचिनच्या लोकांनीं सरकारची वाट न पाहतां जें केलें, तें एखाद्या तालुक्याच्या गांवीं चार निवृत्त शिक्षक एकत्र येऊनही करूं शकतील. मुलांस जुना पोशाख चढविण्याची कांहीं गरज नाहीं. हजेरीचीं पानें उघडून कोणकोणतीं नांवें आहेत, आणि कोणतीं नाहींत, एवढें त्यांस वाचावयास दिलें तरी पुरे आहे.