पोटॅशियम-रक्षक मूत्रल औषधे आणि परिचर्या : 'रॅल्स' चाचणीच्या निमित्ताने एक चिकित्सा

प्रस्तावना :
हृदयविफलतेच्या उपचारात स्पायरोनोलॅक्टोन या पोटॅशियम-रक्षक मूत्रल औषधास प्रतिष्ठा लाभली ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रॅल्स' चाचणीमुळे. तीव्र हृदयविफलतेच्या १६६३ रुग्णांपैकी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटात ४६ टक्के, तर औषध घेणाऱ्या गटात ३५ टक्के मृत्यू झाले. हे यश प्रत्यक्ष व्यवहारात कितपत उतरले, याची तपासणी प्रस्तुत लेखात केली आहे.

विवेचन :
हे औषध अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाचे कार्य रोखते. परिणामी सोडियम व पाणी बाहेर पडते, पोटॅशियम मात्र शरीरात राहते. मूत्रपिंड दुर्बल असल्यास किंवा एसीई इनहिबिटर सोबत असल्यास ते घातक प्रमाणात वाढू शकते. म्हणूनच क्रिएटिनिन २.५ पेक्षा अधिक असलेले रुग्ण चाचणीतून वगळले होते आणि रक्ततपासणी ठरावीक अंतराने होत होती.

व्यवहारात गोळी स्वीकारली गेली, दक्षता मागे राहिली. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताचा २००४ मधील अभ्यास याचा साक्षीदार आहे. एसीई इनहिबिटर घेणाऱ्या वृद्ध हृदयरुग्णांत पोटॅशियमवाढीमुळे रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होते, २००१ मध्ये ते ११ झाले. हा अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने सारा दोष औषधावर टाकता येत नाही. उलट, स्कॉटलंडमधील २०१० च्या अभ्यासात औषधाचा वापर वाढूनही अशी वाढ आढळली नाही. तेथे रक्ततपासण्याही वाढल्या होत्या. फरक औषधात नसून देखरेखीत असावा, असे यावरून दिसते.

येथेच परिचर्येचे महत्त्व स्पष्ट होते. फ्युरोसेमाइड घेणाऱ्यास केळी, शहाळ्याचे पाणी घेण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तोच सल्ला स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यास सरसकट देणे धोक्याचे ठरते. आपल्याकडे रुग्णास भेटावयास जाताना शहाळे नेण्याची रीत असल्याने ही सूचना नातेवाइकांनाही द्यावयास हवी. कमी सोडियमच्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते, तेही टाळावे. वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत. जुलाब-उलट्या झाल्यास त्वरित कळवावे. रोजचे वजन, मूत्राचे प्रमाण, नाडीची गती व स्नायूंची दुर्बलता यांची नोंद आवश्यक आहे. तथापि पोटॅशियमवाढ पुष्कळदा लक्षणांविना येते. म्हणून निरीक्षण हे रक्ततपासणीला पर्याय ठरत नाही.

निष्कर्ष :
औषधाची चिठ्ठी आणि पुढील रक्ततपासणीची तारीख या दोन बाबी अविभाज्य मानल्या पाहिजेत. ती तारीख रुग्णास समजावणे व पाळली जाते की नाही हे पाहणे परिचर्येच्या अभ्यासक्रमात दुय्यम राहता कामा नये. तो उपचाराचाच भाग होय.